नोटीस न बजावता गेलेला पाय

प्रथम कालक्रम नोंदवतो. कारण माझ्याच घरात तो कित्येक वर्षे माझ्यापासून दडवून ठेवण्यात आला होता.

१९७५ : माझा मुलगा अरुण, पुण्याचा एम.बी.बी.एस., विलायतेला गेला. त्याच वर्षी त्या देशाच्या वैद्यक परिषदेने आपल्याकडील पदवीला आपोआप मान्यता देण्याचे बंद केले.

१९७८ : अरुण तेथील एका रुग्णालयात नर्सच्या शिक्षणक्रमाला दाखल झाला. हे मला १९८३ साली कळले.

१९७९ : ही गोष्ट माझ्या पत्नीला कळली. मला कळवण्यात आली नाही.

१९८१ : अरुण नर्स म्हणून उत्तीर्ण झाला. त्याच वर्षी आम्ही नाशिकमध्ये स्वतःचे घर बांधले आणि मी दारावर माझ्या नावाखाली 'डॉ. अरुण, एम.बी.बी.एस.' अशी पाटी रंगवून घेतली. मला कोणी थांबवले नाही.

१९८३ : हिवाळ्यात माझा उजवा पाय भाजला. उन्हाळा लागण्यापूर्वी तो गुडघ्याखाली कापण्यात आला. सुरुवातीला त्याची फक्त दोन बोटे जायची होती.

आता जबाबदार कोण ते सांगतो. पहिली, ती वैद्यक परिषद. दुसरा, माझ्यावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर प्रभाकर, जो अरुणचा वसतिगृहातल्या खोलीतला सोबती होता आणि ज्याला सर्व ठाऊक होते. तिसरी, माझी पत्नी. चौथा, माझा मुलगा. पाचवे नाव या यादीत नाही. ते असावे असे माझ्या घरातल्या काहींचे मत आहे. ते मतही पुढे नोंदवीन, कारण विरुद्ध पक्षाचे म्हणणे गाळून कागद पुढे सरकवण्याची मला सवय नाही.

मी कोण

मी न्यायालयात बेलीफ म्हणून लागलो आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. बेलीफ म्हणजे समन्स आणि नोटिसा घरोघर पोचवणारा शिपाई. चांदवडपासून मनमाडपर्यंतची गावे मी सायकलने आणि पायी तुडवली आहेत. ज्या पायाविषयी मी लिहितो आहे, त्याने ही नोकरी केली आहे. त्या नोकरीने मला एकच तत्त्व शिकवले : ज्याच्याविरुद्ध निकाल व्हायचा आहे, त्याला आधी नोटीस मिळाली पाहिजे. तो वाईट असो, वेडा असो, भांडखोर असो. त्याला कळवल्याशिवाय त्याच्याविषयी काही ठरवता येत नाही.

माझे वडील मनमाडच्या यार्डात इंजिनात कोळसा भरत. अरुण आमच्या वसाहतीतला पहिला डॉक्टर. तो विलायतेला निघाला तेव्हा विहारात त्याचा सत्कार झाला, लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, आणि म्हाताऱ्या बायकांनी त्याचे हात हातात घेऊन पाहिले. त्या दिवसापासून वसाहतीत माझे नाव मागे पडले. मी 'डॉक्टरचे वडील' झालो. ही ओळख मी मागितली नव्हती. पण मिळाल्यावर ती मी अंगरख्यासारखी वापरली, हे खरे आहे.

निदानाचा दिवस

नाशिकची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मी झोपताना पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेत असे. एके सकाळी पत्नी अंथरूण आवरताना म्हणाली, "अहो, तुमच्या पायाला हे काय झालंय?" उजव्या पायाच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मोठा फोड आला होता. मला काहीही कळले नव्हते. दुखले नव्हते, चटका बसला नव्हता.

मला वाटले, न दुखणारी जखम ही किरकोळ जखम. हळद लावली, फडके बांधले, वाचनालयात जाऊन आलो. फोड फुटला, बोटे काळपट दिसू लागली आणि खोलीत वास येऊ लागला, तेव्हा आम्ही प्रभाकरकडे गेलो. त्याने रक्त-लघवी तपासली, पायाला टाचणीने टोचून पाहिले आणि "काका, कळतंय का?" असे विचारत तो घोट्यापर्यंत आला. मला घोट्यापर्यंत कळत नव्हते.

"साखर आहे," तो म्हणाला. "बरीच वर्षं असणार. पाय बधिर झालाय, म्हणून भाजलेलं समजलं नाही."

मी त्याला विचारले की बरीच वर्षे असलेली गोष्ट मला आजच का कळते. तो हसला. त्या वेळी मला त्या हसण्याचे काही वाटले नाही. आज वाटते. बरीच वर्षे असलेल्या आणि मला न कळवलेल्या आणखी एका गोष्टीची त्याला त्या क्षणी आठवण झाली असली पाहिजे.

दोन दिवस सुया आणि ड्रेसिंग करून पाहिल्यावर प्रभाकरने निर्णय सांगितला : करंगळी आणि शेजारचे बोट काढायचे. लवकर. विष वर चढले तर बोटांवर भागणार नाही.

मी म्हणालो, "माझा मुलगा डॉक्टर आहे. त्याचे मत घेतल्याशिवाय मी सही करणार नाही."

प्रभाकर माझ्या पत्नीकडे पाहू लागला. पत्नी खिडकीबाहेर पाहू लागली.

वॉर्ड

वॉर्डची दिनचर्या साधी होती. सकाळी इंजेक्शन, मग चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची गाडी दारात आली की तिच्या चाकांच्या आवाजानेच मी खाटेची कड धरून ठेवी. माझा पाय दुखत नव्हता, तरी भीती वाटे; कारण तो दुखत नाही हीच भीतीची गोष्ट आहे हे आता कळले होते.

शेजारच्या खाटेवर एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला फिटर होता, नामदेवराव, मूळचा चांदवडकडचा. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्याला सगळे दुखत होते आणि तो सारखा बोलत होता.

"साहेब," तो मला म्हणायचा, "तुमचा पाय आन् माझा हात, देवानं अदलाबदल करायला पायजे व्हती. मला बी काय कळलं नसतं, लय झोप लागली असती."

"मी देव मानत नाही," मी म्हणालो.

"मंग कोर्टात अर्ज टाका."

त्या वॉर्डात मी हसलो ते याच माणसामुळे. सिस्टर साळवे नावाच्या मुख्य परिचारिका होत्या. नगरकडच्या, मूळ ख्रिस्ती घराण्यातल्या, करड्या आवाजाच्या. त्या नामदेवरावांना दटावत, "मामा, तोंड बंद ठेवा, हात लवकर भरेल." पण त्याच दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला मोडून देत, कारण त्याला डाव्या हाताने खाता येत नसे. आजारपणात माणूस मोठी गोष्ट विसरतो आणि असल्या गोष्टी लक्षात ठेवतो.

फोन

प्रभाकरने विलायतेचा ट्रंक कॉल नोंदवला. मला चाकाच्या खुर्चीवरून रुग्णालयाच्या कचेरीत नेले. पत्नी आणि प्रभाकर सोबत होते. बराच वेळ घरघर ऐकू आली आणि मग माझ्या मुलाचा आवाज आला, विहिरीच्या तळाशी उभे राहून बोलावे तसा.

"दादा, कसे आहात?"

"प्रभाकर म्हणतो दोन बोटे कापू. तू काय म्हणतोस?"

"दादा, तिथले डॉक्टर सांगतील तसं करा."

"तिथले डॉक्टर काय सांगतात ते मी आत्ता तुला सांगितले. मी तुझे मत विचारतो आहे. डॉक्टर म्हणून."

तो बोलला नाही. लाइन चालू होती. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अरुण, कापू की नको?"

"डॉक्टर सांगतील तसं करा, दादा," तो पुन्हा म्हणाला. आणि गप्प झाला. वेळ संपल्याचे ऑपरेटरने सांगितले.

आता मी काय केले ते लक्षपूर्वक वाचावे, कारण माझ्या पायाचा निकाल तेथे लागला.

मी आयुष्यभर न्यायालयात पाहिले आहे की जाणता साक्षीदार थेट प्रश्नाला थेट उत्तर टाळतो तेव्हा त्याचे काय समजायचे. उत्तर सोयीचे असते तर त्याने दिले असते. न्यायाधीश अशा मौनातून प्रतिकूल अनुमान काढतात. मीही काढले. माझा मुलगा डॉक्टर आहे. त्याला विचारले, कापू का? 'कापा' हे उत्तर असते तर द्यायला काय अडचण होती? अडचण एकच असू शकत होती : त्याचे उत्तर 'कापू नका' असे होते, आणि प्रभाकर हा त्याचा मित्र असून शेजारीच उभा असल्यामुळे त्याला ते बोलता येत नव्हते.

मी प्रभाकरला सांगितले, "शस्त्रक्रियेला माझी संमती नाही."

तो म्हणाला, "काका, अरुणनी तर माझं ऐका असं सांगितलं ना?"

"त्याने स्वतःचे मत दिले नाही. का दिले नाही ते तुम्हाला कळायला हवे."

प्रभाकर एक पाऊल पुढे आला. त्याचे तोंड उघडले होते. पत्नी म्हणाली, "प्रभाकर, नको." त्याने तोंड मिटले आणि तो निघून गेला. मला वाटले, ती मला भांडणातून वाचवते आहे.

ती दोघे त्या क्षणी एक वाक्य बोलली असती तर माझ्या पायाची आठ बोटे शाबूत राहिली असती, असे लिहून मी 'माझ्या पायाची' हे शब्द खोडले आहेत. दोन पायांची मिळून आठ. आज पाच आहेत. मोजणीत चूक नको.

पाय

पुढच्या दिवसांविषयी मला सलग आठवत नाही. ताप चढला. पावलाच्या वरच्या बाजूला काळेपणा सरकत आला. नामदेवराव एकदा पत्नीला हळू आवाजात म्हणाले, "वैनी, वास बदलला. तुमी पोराला बोलवा." पत्नीने तार केली.

अरुण आला तेव्हा मी त्याला लगेच ओळखले नाही. आठ वर्षांनी पाहत होतो. केस मागे हटले होते, अंगावर जाड कोट होता. त्याने पायावरचे कापड उचलले, पाहिले, आणि पुन्हा तसेच ठेवले. मग त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"आता कापावा लागेल, दादा. गुडघ्याखाली. आजच."

"हे तू डॉक्टर म्हणून सांगतोस?"

"हे मी सांगतोय," तो म्हणाला.

मी सही केली.

भूल उतरल्यावर पहिल्यांदा जाणवले ते उजव्या अंगठ्याचे खाजवणे. मी पत्नीला म्हणालो, अंगठा खाजव. ती रडू लागली. ज्यांचा अवयव गेला आहे त्यांना हे होतेच, असे मला नंतर सांगण्यात आले; आधी सांगितले असते तर बरे झाले असते. नसलेला अंगठा खाजतो, नसलेली टाच दुखते, आणि बऱ्याच वर्षांनी बधिर नसलेला पाय मला नसलेल्या जागी मिळाला.

चादर

अरुण वॉर्डात राहू लागला. मी त्याच्या भोवती डॉक्टरांचे कोंडाळे व्हावे अशी अपेक्षा धरून होतो. विलायतेचा डॉक्टर आला आहे, प्रभाकर त्याला केसपेपर दाखवील, दोघे इंग्रजीत चर्चा करतील. तसे काही झाले नाही. प्रभाकर फेरीवर आला की अरुण खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राही, हात मागे बांधून, आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. त्याने उभे राहण्याची ती जागा मला खुपत होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने माझे अंग पुसले. दोन भांडी घेतली. एक साबणाच्या पाण्याचे, एक साध्या पाण्याचे. आधी तोंड, मग हात, मग छाती, प्रत्येक वेळी पुसलेला भाग टॉवेलने झाकून मगच पुढचा उघडायचा. मला कुठेही थंडी वाजली नाही आणि कुठेही लाज वाटली नाही. मग मला त्याने कुशीवर वळवले, तेही असे की कापलेल्या पायाला झोळीत घातल्यासारखे वाटले. आणि मी खाटेवर असतानाच खालची चादर काढून नवी घातली. तिचे कोपरे गादीखाली पाकिटासारखे दुमडले. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

सिस्टर साळवे दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या आत आल्या, त्यांनी एका कोपऱ्याला बोट लावून पाहिले आणि विचारले, "ट्रेनिंग किती वर्षांचं तिकडं?"

"तीन," अरुण म्हणाला. टॉवेल पिळत होता. मान वर केली नाही.

"जनरल?"

"जनरल. नंतर म्हाताऱ्यांच्या वॉर्डला."

"दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या पोरींना दाखवा एकदा. कोपरा असा ठेवत नाहीत मेल्या."

आणि त्या गेल्या. दोन कारागिरांनी एकमेकांना ओळखावे तसे ते बोलणे झाले. नामदेवराव माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "साहेब, तुमचं पोरगं डागदर हाय ना?"

डॉक्टरला चादर घालायला कोणी तीन वर्षे शिकवत नाही, हे मला त्यांच्याइतकेच कळत होते.

जबाब

मी पत्नीला बोलावून घेतले, अरुणला खाटेजवळ बसवले आणि प्रश्न विचारले. पुढील जबाब मी स्मरणाने देतो.

"तू तेथे काय काम करतोस?"

"नर्स आहे, दादा."

"केव्हापासून?"

त्याने सांगितले. तो पोचला आणि नियम बदलला. परिषद म्हणाली, परीक्षा द्या. पहिल्यांदा तो नापास झाला. वैद्यकाच्या विषयांत नव्हे, बोलीभाषेच्या भागात. तिथल्या माणसांचे तोंडातल्या तोंडात बोलणे त्याला कळले नाही. दुसऱ्यांदा भाषेत पास झाला आणि वैद्यकात काठावर राहिला, कारण मधल्या काळात तो एका उपाहारगृहात भांडी धूत होता. मग एका रुग्णालयाने नर्सच्या शिक्षणाची जागा दिली. राहायला खोली मिळणार होती.

"आणि तुम्हाला केव्हापासून माहीत?" मी पत्नीला विचारले.

"चार वर्षं होऊन गेली. प्रभाकर घरी येऊन सांगून गेला. तुम्ही वाचनालयात होता."

"मला का कळवले नाही?"

"काय कळवायचं? तुम्ही विहारात, बाजारात, बसमध्ये, दिसेल त्याला सांगत होता. आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? पत्रं लिहिली असती. त्या परिषदेला, त्या रुग्णालयाला, मंत्र्याला. त्याची आहे ती नोकरीपण घालवली असती."

"पाटी रंगवत होतो तेव्हा तरी."

"तेव्हा तुम्ही किती वर्षांनी खूश होता," ती म्हणाली.

मी अरुणकडे वळलो. "फोनवर मी विचारले, कापू का. तुला उत्तर माहीत होते?"

"होतं."

"काय होते?"

"कापा. लगेच कापा. फोन ठेवल्यावर मी तेच म्हणत बसलो होतो."

"मग मला का म्हणाला नाहीस?"

मग त्याने जे सांगितले ते मी शक्य तितके त्याच्याच शब्दांत देतो. "सुरुवातीला वॉर्डात एक म्हातारा होता. त्याच्या पायाला हेच. मी तिथल्या ज्युनिअर डॉक्टरला म्हटलं, हा पाय आज कापला नाही तर उद्या वर चढेल. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही इथे कोण आहात? वरिष्ठांकडे नेलं मला. पुन्हा मत दिलं तर नाव काढून टाकू, असं सांगितलं. तेव्हापासून रुग्णानी विचारलं, नातेवाइकानी विचारलं, कोणीही विचारलं की 'तुला काय वाटतं', तर मी एकच बोलतो. डॉक्टर सांगतील तसं करा. दिवसातून किती वेळा बोलतो कोणास ठाऊक. तुम्ही विचारलंत आणि तेच तोंडात आलं. आणि तुम्ही म्हणालात, डॉक्टर म्हणून सांग. मग तर बोलताच येईना. डॉक्टर म्हणून सांगितलं तर खोटं, आणि नर्स म्हणून सांगितलं तर तुम्हाला सगळंच सांगावं लागलं असतं. फोनवर. प्रभाकरसमोर."

"त्या म्हाताऱ्याचे काय झाले?" मी विचारले.

"गेला," अरुण म्हणाला.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

आजारपणावर लिहिणारे लोक शेवटी उपदेश करतात. माझा उपदेश थोडा आहे. साखर असेल तर रोज पाय हाताने चाचपून पाहा. डोळ्यांवर विसंबू नका आणि दुखण्याची वाट पाहू नका. गरम पाण्याची पिशवी घरातून काढून टाका. पाय गेलाच, तर उरलेल्या टोकाला पट्टी कशी बांधायची ते नर्सकडून शिका. अरुणने मला तिरके वेढे घालून खालून वर निमुळती बांधायला शिकवली, आणि नसलेला अंगठा खाजला की उरलेल्या टोकावर बोटांनी हलके टकटक करायला शिकवले. ही युक्ती कोणा डॉक्टरने मला सांगितली नव्हती. आणि घरात कोणी तुमच्यापासून काही लपवत असेल तर आजारी पडण्यापूर्वी विचारून घ्या.

प्रभाकरशी मी बोललो. तो म्हणाला, "काका, मित्राचं गुपित होतं." मी म्हणालो, "तुम्ही माझे डॉक्टर होता. एका पारड्यात मित्राचा शब्द होता, दुसऱ्यात माझा पाय. तुम्ही पाय हलका ठरवला." त्याने ते नाकारले नाही. ज्याने नाकारले नाही त्याच्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे

अरुण परत जाण्यापूर्वी या लेखाचा पहिला मसुदा मी त्याला वाचून दाखवला. त्याच्या संमतीवाचून तो छापणे म्हणजे त्यानेच जे माझ्याशी केले ते त्याच्याशी करणे झाले असते. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "छापा. दोन गोष्टी घाला. एक म्हणजे, माझं काम कमी दाखवू नका. मी चांगला नर्स आहे. मला त्याची लाज नाही. दुसरी, यादीत पाचवं नाव का नाही?"

"कोणाचे?"

"घरात एक माणूस असा होता की त्याला खरं सांगायची कोणालाच हिंमत नव्हती. आईला नाही, प्रभाकरला नाही, मला नाही. तो यादीत कसा नाही, दादा?"

हे त्याचे म्हणणे मी येथे दाखल करून घेतो. ते मला मान्य नाही. भीती वाटते म्हणून नोटीस न बजावणारा बेलीफ नोकरीतून कमी होतो. मीही भांडखोर माणसांची दारे ठोठावली आहेत, अंगावर कुत्री घेतली आहेत, शिव्या खाल्ल्या आहेत, आणि कागद हातात देऊन आलो आहे. माझ्या घरच्यांनाही ते करता आले असते. तरीही मी म्हणणे गाळलेले नाही.

पहिल्या गोष्टीबद्दल माझा आक्षेप नाही. ज्या हातांनी मला त्या खाटेवर माणसासारखे ठेवले ते हात चांगल्या नर्सचे होते, हे मी प्रतिज्ञेवर सांगेन. माझी तक्रार त्याच्या हातांविषयी नाही. त्याच्या जिभेविषयी आहे. ती कोणी घेतली, एवढेच मला विचारायचे आहे.

दारावरची पाटी मी उतरवलेली नाही. पत्नी म्हणते, उतरवा. पदवी विद्यापीठाने दिली आहे. ती रद्द झाल्याचा आदेश कोणी मला दाखवलेला नाही. अरुण जाण्यापूर्वी मी पाटीवर, त्याच्या परवानगीने, आणखी एक शब्द रंगवून घेतला : 'नर्स'. रंगारी म्हणाला, "दोन्ही ठेवायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोकांना विचारू द्या. या दारात विचारलेल्या प्रश्नाला आता उत्तर मिळेल."

बजावणी

त्या परिषदेला मी नोंदणीकृत पत्रे पाठवली. उत्तरादाखल आपले पत्र मिळाल्याची छापील पोच आली. दुसऱ्या पत्राला तीच पोच, तिसऱ्याला तीही नाही.

बेलीफ असताना प्रतिवादी दार उघडत नसेल तर आम्ही परत येत नसू. दोन पंच बोलावून, त्यांच्यासमक्ष, नोटीस दाराला चिकटवून येत असू. कायद्याने ती बजावली गेली असे समजत. मला आता तेवढे लांब जाता येत नाही. म्हणून हा लेख म्हणजे त्या दाराला चिकटवलेली नोटीस समजावी. आणि वाचकहो, तुम्ही पंच आहात.

परिषदेने उत्तर द्यावे. मला नव्हे, खासगी पत्राने नव्हे; वर्तमानपत्रात, सही करणाऱ्याच्या नावानिशी द्यावे. तुमचा नियम ज्या सकाळी अमलात आला, त्या सकाळी माझ्या मुलाला आदल्या रात्रीपर्यंत जे येत होते त्यातले नेमके काय येईनासे झाले? ज्याला तुम्ही रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी उभे केले, त्याने काळा पडणारा पाय पाहू नये असा तुमचा नियम आहे, की पाहावा पण बोलू नये असा आहे? आणि तो आता त्याच वॉर्डात परतला आहे. तेथे उद्या एखाद्या म्हाताऱ्याने त्याला विचारले, 'कापू का?', तर त्याने काय उत्तर द्यायचे?

ते उत्तर जाहीर सांगा. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी एकदा मी फोन कानाशी धरून बसलो होतो. आताही बसलो आहे.